काळी-पिवळी पद्मिनी आतून रंगवायची तर

मॉडेल गाड्या बाहेरून चकाचक करणारे लोक खूप आहेत, पॉलिश काय, वॅक्स काय, पण काचेतून आत डोकावलं की सगळा आनंदच. सीट काळी, स्टिअरिंग काळं, डॅशबोर्ड काळा, पायाखालचं काळं, जणू कोणीतरी आत डांबर ओतलंय. मीपण बरीच वर्षं हेच करायचो, म्हणायचो एवढ्याशा खिडकीतून कोणाला काय दिसणारे. मग एकदा काळी-पिवळी टॅक्सी करायला घेतली आणि लक्षात आलं की टॅक्सीत बाहेर रंगवायला आहेच काय, खाली काळा, वर पिवळा, संपलं. टॅक्सीचं खरं रूप आत असतं. तर मी आतलं कसं रंगवतो ते सांगतो, गाडी पद्मिनी धरू, पण तुमच्याकडे तामिया या जपानी मॉडेल कंपनीची १/२४ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, फोक्सवॅगन बीटल असेल तरी रीत हीच.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, मुळात फियाट ११००, नाव मागाहून बदललं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली आणि टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. म्हणजे आता समोर उभी करून बघायची सोय नाही, फोटोवरच भागवायचं. फोटो शोधताना एक करा, साल ठरवा. मीटर जुन्या काळात बाहेर असायचा, बॉनेटच्या डाव्या बाजूला, आणि इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर तो आत डॅशबोर्डवर आला. १९८५ ची टॅक्सी करताय आणि आत लाल आकड्यांचा मीटर लावलात तर कोणीतरी काका येऊन बरोब्बर तेच दाखवणार.

मॉडेल कुठलं? मी खेळण्याच्या दुकानातली मागे ओढून सोडायची प्लॅस्टिकची टॅक्सी घेतली. आधी स्केल काढा, नाहीतर आतल्या वस्तूंची मापं चुकतात. खरी पद्मिनी ३९३० मिलिमीटर लांब, माझं खेळणं भरलं १२३ मिलिमीटर, भागाकार केला की जवळपास ३२ येतो, म्हणजे १/३२. हा ३२ चा आकडा डोक्यात पक्का ठेवा, पुढे सगळीकडे लागतो. डॅशबोर्डवरचा १० सेंटीमीटरचा गणपती इथे ३ मिलिमीटर. स्टिअरिंग साधारण साडेबारा मिलिमीटर. छताच्या रेक्झिनवरचं ५ सेंटीमीटरचं फूल दीड मिलिमीटर. आणि सीटच्या कडेची पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल गोट, पाव मिलिमीटर, केसाच्या तीनेक पट जाड. हे आकडे बघून घाबरू नका, उलट यानेच कळतं की कुठे मेहनत करायची आणि कुठे नुसता ठिपका ठेवून पुढे जायचं.

गाडीच्या पोटाखाली दोन किंवा चार स्क्रू असतात, लहान स्टार स्क्रू ड्रायव्हरने काढा, स्क्रू एका डबीत टाका. आत तीन तुकडे निघतील, वरची बॉडी, काचेचा एकसंध तुकडा, आणि सीट-डॅशबोर्ड-जमीन सगळं एकात असलेला टब. टब भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, जुन्या टूथब्रशने घासा, कारण साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा राहिला तर रंग नंतर पापुद्र्यासारखा निघतो. टब बोटाने वाकतोय आणि हाताला मेणचट लागतोय असं वाटलं तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडून हलका खरखरीत करून घ्या आणि प्लॅस्टिकसाठीचाच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, वापरा, अशा प्लॅस्टिकवर साधा रंग धरतच नाही. स्क्रू जातो ते खांब आणि जिथे टब बॉडीत बसतो त्या कडा मास्किंग टेपने झाका. रंगाचे तीन-चार थर चढले की तिथे जाडी वाढते आणि शेवटी गाडी बंदच होत नाही, हे मी एकदा नाही दोनदा भोगलंय.

प्रायमर राखाडी घ्या, काळा नको, पांढरा नको. राखाडीवर उंचवटे नीट दिसतात. स्प्रेचा डबा असेल तर पावसाळ्यात जपून, मुंबई-कोकणातल्या जुलैच्या हवेत लॅकर स्प्रे मारला की वाळताना पांढरट धुकं चढतं, हवेतलं पाणी अडकतं रंगात. मी जून ते सप्टेंबर स्प्रे मारतच नाही, तेव्हा फक्त ब्रशचं काम.

आता मुद्द्याची गोष्ट. आतलं खरं वाटतं ते रंगांनी नाही, चमकीने. खऱ्या टॅक्सीत काळ्या वस्तू चार-पाच असतात पण एकीची चमक दुसरीसारखी नसते. पायाखालचं रबरी मॅटिंग एकदम निस्तेज, धूळ बसून राखाडी झालेलं. रेक्झिनची सीट अर्धवट चमकणारी, आणि जिथे माणसं बसून-बसून घासली गेलीये तिथे जास्त चमकणारी. डॅशबोर्डची वरची बाजू उन्हाने विटलेली, काळ्यात तपकिरी झाक. स्टिअरिंग जिथे हात धरतात तिथे तुळतुळीत, बाकी ठिकाणी मळकट. तर एक काळा उघडून सगळीकडे फासायचा नाही, चार काळे करायचे.

शुद्ध काळा तर मी आत कुठेच लावत नाही. छताखाली आधीच अंधार, त्यात शुद्ध काळा लावला की सगळे आकार गडप. तामियाचे रंग मिळत असतील तर एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक आणि एक्सएफ-८५ रबर ब्लॅक या दोन बाटल्या घ्या, दोन्ही मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, पहिली डॅशबोर्डला आणि सीटच्या बेसला, दुसरी मॅटिंगला. नसतील मिळत किंवा एवढे पैसे घालायचे नसतील तर कॅम्लिनच्या ॲक्रिलिकचा काळा, पांढरा आणि बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, पुरेत. पाच थेंब काळा, दीड थेंब पांढरा, ब्रशच्या टोकावर येईल एवढा अंबर, अंदाजपंचे. ट्यूबचे रंग घट्ट असतात, पाणी घालून दुधासारखे करा आणि तीन पातळ हात द्या. गोळ्यांचं रिकामं पाकीट पॅलेट म्हणून एक नंबर, एकेका खळग्यात एकेक काळा, आणि घरात ते कधीच कमी पडत नाही.

रंग वाळला की चमक. बाजारात पाण्यात मिसळणारं मॅट आणि ग्लॉस वार्निश मिळतं, दोन्ही घ्या. सीटला दोन्ही सारखं मिसळून लावा, सॅटिन, म्हणजे अर्धवट चमक येते. मॅटिंगला नुसतं मॅट. स्टिअरिंगला आधी मॅट, मग घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या दोन जागी ग्लॉसचा पुसटसा हात. मागच्या सीटवर दोन दारांजवळ, जिथून माणूस सरकत आत जातो, तिथेही थोडा ग्लॉस. एवढं एक केलंत तरी अर्धं काम झालं, खरंच. कोणाला कळत नाही काय केलंय, पण बघणारा म्हणतो अरे हे रेक्झिन वाटतंय.

सीटचं थोडं तपशिलात सांगतो कारण खिडकीतून सगळ्यात जास्त तीच दिसते. पद्मिनी टॅक्सीत पुढेही सलग बाक असायचा, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे मधे काही नाही. रंग काळाच हवा असं नाही, मरून, हिरवा, तपकिरी, फुलाफुलांचं कव्हर, ज्याची त्याची हौस. मी मरून घेतला. आधी सगळी सीट मरूनपेक्षा गडद रंगवली, वाळल्यावर खाचांमधे वॉश सोडला. वॉश म्हणजे पातळ घाण पाणीच हो, अंबर आणि काळा खूप पाण्यात आणि त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, साबणामुळे ते खाचेत पळत जातं, डबकं करून बसत नाही. ब्रशच्या टोकाने खाचेला नुसतं टेकवायचं, फासायचं नाही. वर साचलं तर जरा ओल्या ब्रशने उचला. सीटला वार्निश देऊन मग वॉश सोडलात तर चूक पुसता येते, आधी सोडलात तर डाग कायमचा.

मग ड्रायब्रश. हे शब्दात सांगायला अवघड आहे तरी प्रयत्न करतो. जुना, चपटा, केस थोडे फिस्कारलेला ब्रश घ्या, फिकट मरून लावा, आणि टिश्यूवर पुसत राहा. पुसा, अजून पुसा. टिश्यूवर काहीच उमटत नाही असं वाटलं की अंगठ्याच्या मागच्या बाजूला, सांध्यावर जिथे कातडीला सुरकुत्या असतात, तिथे हलका फिरवा. सुरकुत्यांचे नुसते माथे रंगले आणि मधल्या रेघा कोऱ्या राहिल्या की ब्रश तयार. पूर्ण अंगठा रंगला तर अजून पुसा. असा ब्रश सीटवर आडवा भराभर फिरवला की शिवणीच्या कडा, कोपरे, फुगवटे आपोआप उजळतात. घाई केली की सीट खडूने घासल्यासारखी दिसते आणि मग परत पहिल्यापासून.

पायपिंग पाव मिलिमीटरची, ती ब्रशच्या टोकाने काढायला जाऊ नका, हात थरथरतो आणि रेघ नागमोडी जाते. ब्रश आडवा धरा, केसांची बाजू उंचवट्यावरून सरकवा, उंचवटाच रेघ आखून देतो. तीन शून्याचा, अगदी बारीक, ब्रश घ्या असं सगळे सांगतात पण त्यात रंग राहतच नाही, टोकापर्यंत येईतो वाळतो. चांगलं टोक असलेला शून्य नाहीतर एक नंबरचा ब्रश जास्त कामाचा.

टॉवेल. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर टॉवेल नसेल तर ती मुंबईची टॅक्सी नाही, माझं असं ठाम मत आहे. आमच्या चाळीखाली दोन टॅक्सी उभ्या असायच्या, दोन्हीत पांढरा टॉवेल निळ्या पट्ट्यांचा, आणि दुपारी ड्रायव्हर तोच तोंडावर घेऊन झोपायचे. कागदी नॅपकिनचे दोन पदर वेगळे करा, एकाच पदराचा १२ बाय २० मिलिमीटरचा तुकडा कापा. एक भाग फेविकॉल दोन भाग पाणी करून त्यात बुडवा, चिमट्याने उचला, सीटच्या पाठीवरून पुढे-मागे सोडा. ओला आहे तोवर टूथपिकने एक-दोन चुण्या पाडा, एक टोक थोडं तिरकं ओढा, सरळ इस्त्रीचा टॉवेल कुठल्याच टॅक्सीत नसतो. रात्रभर वाळू द्या, सकाळी कडक झालेला असतो. मळकट पांढरा रंग, त्यात चिमूटभर पिवळा, आणि दोन टोकांना निळ्या जेल पेनने दोन-दोन रेघा. वार्निश एकदम मॅट.

डॅशबोर्ड पत्र्याचा, त्यामुळे खालच्या पत्र्याच्या भागाला थोडी चमक आणि वरच्या भागाला अजिबात नाही. स्पीडोमीटर आधी काळा, मग पांढऱ्याचा ड्रायब्रश, आकडे उठलेले असतील तर दिसतील. खेळण्यात बहुतेक नसतातच, मग पांढऱ्या जेल पेनने चार बारीक खुणा आणि सुईच्या टोकाने लाल काट्याची रेघ. आकडे काढायच्या भानगडीत पडू नका, १/३२ मधे ते वाचता येणारच नाहीत आणि वाचता आले तर मोठे झालेत असं समजा. वाळलं की वर ग्लॉस वार्निशचा एक जाड थेंब टूथपिकने सोडा, तो काचेसारखा फुगून वाळतो. या थेंबाने जेवढा फरक पडतो तेवढा तासभर आकडे काढून पडत नाही. गिअरचा दांडा खेळण्यात गायब असतो, वितळवून ओढलेल्या प्लॅस्टिकच्या तारेचा एक तुकडा स्टिअरिंगच्या दांड्याला डावीकडे चिकटवा, टोकाला काळा ठिपका.

दाराच्या काच खालीवर करायच्या दांड्या आणि हँडल यांना सगळे चकचकीत क्रोम लावतात. अहो वीस वर्षं पळालेली टॅक्सी आहे ती. तामियाचा एक्सएफ-१६ फ्लॅट ॲल्युमिनियम किंवा कुठलाही मंद चंदेरी लावा आणि वर थोडा अंबरचा वॉश. नवीकोरी गाडी करत असाल तर मात्र क्रोमचं पेन छान, फक्त त्याच्यावर वार्निश मारू नका, चमक जाते, आणि बरेच दिवस हात लावू नका, ठसे उमटतात.

देव. गणपती, साईबाबा, हाजी अलीचं चित्र, येशू, ज्याचा जो असेल तो. तीन मिलिमीटरचा गणपती करायला एम-सील घ्या, दोन्ही रंगांच्या पट्ट्या सारख्या मळा, मोहरीएवढी गोळी पोटाची, त्याहून लहान डोक्याची, आणि धाग्याएवढी सोंड. सुई ओली करून दाबा म्हणजे चिकटत नाही. माझा पहिला गणपती बटाटा झाला होता, दुसरा उंदीर, तिसऱ्याला सोंड डावीकडे वळली आणि एकदम गणपती झाला. चेहरा वगैरे काही करायचा नाही, शेंदरी रंग, सोनेरी ठिपका डोक्यावर, बस. झेंडूच्या हारासाठी शिवायचा पांढरा दोरा घ्या, त्याला जवळजवळ गाठी मारत जा, मग केशरी रंगात बुडवा, प्रत्येक गाठ एक फूल. आरशाला लटकवा. सात-आठ गाठींच्या पुढे माझा संयम संपतो, पण हार तेवढाच पुरतो.

मॅटिंगवर धूळ हवी. रंगीत खडू पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड करा, तपकिरी-राखाडी, आणि कोरड्या ब्रशने पेडलखाली आणि कोपऱ्यात दाबा. पेडलच्या मधोमध चंदेरीचा एक टिंब, तिथलं रबर झिजून पत्रा दिसतो.

आता छत, आणि इथे मनसोक्त हौस करा. मुंबईच्या टॅक्सींची छतं म्हणजे फुलं, वेली, कधी मोर, कधी निळं आकाश. २०१५ मधे टॅक्सी फॅब्रिक नावाच्या उपक्रमात तर डिझायनर लोकांनी सीटपासून छतापर्यंत खास कापडं करून लावली होती टॅक्सीत, त्याचे फोटो बघा, कल्पना सुचतात. करायला सोपं आहे. छताच्या आतल्या बाजूचा कागदी साचा कापून बसवून बघा, मग स्टिकर पेपरवर छोटी फुलं प्रिंट करून त्या साच्याने कापून चिकटवा. प्रिंटर नसेल तर क्रीम रंगावर जेल पेनने लाल ठिपका, भोवती चार हिरवे, असे ठिपके देत सुटा, दीड मिलिमीटरचं फूल म्हणजे पाच ठिपकेच असतात. वरून सॅटिन वार्निश. प्रिंट इंकजेटचं असेल तर ब्रशने वार्निश लावू नका, शाई फुटते, लांबून दोन हलके स्प्रे मारा. कागदाची जाडी छतात जाते हे विसरू नका, काचेचा तुकडा परत बसतो का ते चिकटवण्याआधी बघायचं.

काचेवरून आठवलं. आत काहीही सुपरग्लूने चिकटवू नका, निदान काच बसल्यावर तर नाहीच. मी पहिल्या टॅक्सीत सगळं झालं, गाडी बंद केली, आणि आरसा हलतोय म्हणून दारातून टूथपिकने एक थेंब सुपरग्लू सोडला. सकाळी पुढची काच आतून पांढरी, बाथरूमच्या काचेसारखी. त्या गोंदाची वाफ बंद जागेत फिरते आणि काचेवर बसते. सगळं उघडलं, काच टूथपेस्ट लावून मऊ कापडाने अर्धा तास घासली, बरीच सुधारली पण एका कोपऱ्यात अजून ढग आहे. तेव्हापासून आतल्या सगळ्या वस्तू फेविकॉलने, वाळला की पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या कापूस काडीने निघतो.

बंद करण्याआधी मोबाइलवर फ्लॅश न मारता खिडकीच्या उजेडात जवळून फोटो काढा. डोळ्याला न दिसलेलं सगळं त्यात दिसतं, ब्रशचा केस, चुकून सीटवर गेलेला केशरी, न रंगवलेला कोपरा. मग बॉडी नुसती वर ठेवून चारही खिडक्यांतून बघा आणि जे दिसतच नाही ते सोडून द्या. मी ड्रायव्हरच्या सीटखाली पाण्याची बाटली केली होती, निळ्या झाकणाची, दोन तास गेले, ती आजपर्यंत माझ्याशिवाय कोणी बघितली नाही. आणि खिडकीतून दिसतं ते अजून अंधारं वाटलं तर रंग बदलू नका, सीटच्या वरच्या कडांना आणि डॅशबोर्डच्या कडेला आणखी एक फिकट ड्रायब्रश द्या, तेवढ्याने आत उजेड आल्यासारखा वाटतो.

काच आतून-बाहेरून पुसून घ्या, बोटांचे ठसे आत राहिले की संपलं. मग टब बसवताना स्टिअरिंग काचेला टेकतंय का बघा, टेकत असेल तर दांडा अर्धा मिलिमीटर कापा. स्क्रू लावताना शेवटचे दोन फेरे अगदी हळू, प्लॅस्टिकचा खांब एकदा उभा चिरला की स्क्रू नुसता गोल फिरत बसतो.